मेंढरांच्या चालीची टेस्ट

गाडीला हात लावायच्या आधी हात धुणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. ते आमचे आयटीआयचे सर. दौंडला मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला ते आम्हाला दोन वर्षं होते. वर्कशॉपच्या दाराशी एक बादली, एक तांब्या आणि साबणाची लाल वडी ठेवलेली असायची. आत जाताना धुवायचे. बाहेर पडताना धुवा नाहीतर तसेच काळ्या हातानं घरी जा, त्याच्याशी सरांना काही देणंघेणं नव्हतं. "नंतर काय, कुणीबी धुतंय," म्हणायचे. "तुमच्या हाताला आदल्या गाडीचं ग्रीस असंल, तर ह्या गाडीचं कोणतं ते कळणार कसं?" आम्ही वीस पोरं थंडीच्या दिवसांत त्या बादलीपुढं रांगेत उभे राहायचो आणि मनातल्या मनात त्यांचा उद्धार करायचो. मी सगळ्यात जास्त.

अंगानं बारीक, उंच माणूस. कायम पांढरा शर्ट, तोही इस्त्रीचा. मोटार मेकॅनिक शिकवणाऱ्यानं पांढरा शर्ट घालावा हेच मुळात आम्हाला खुळचटपणाचं वाटायचं. खिशात दोन रुमाल. एक नाकाचा, एक गाडीचा, आणि गाडीचा नाकाच्यापेक्षा स्वच्छ. इंजिनाला कुठं ओल दिसली की गाडीच्या रुमालानं टिपायची, उन्हात नेऊन बघायचं, वास घ्यायचा. एकदा आमच्यातल्या एकानं विचारलं, सर, चिंधी घेतली तर चालणार नाही का? तर म्हणाले, "चिंधीवर आधीच चार डाग असत्यात. त्या आधीच्यांचं ऐकायचं का ह्या नव्याचं?"

वर्गात एक शब्द बंद होता. 'बहुतेक.' "सर, बहुतेक पंप गेलाय" असं कुणी म्हटलं की सरांचा चेहरा सरळ व्हायचा आणि भाषा शुद्ध व्हायची. सर चिडले की शुद्ध बोलायचे. एरवी आमच्यासारखंच हाय-न्हाई चालायचं, पण राग आला की एकदम पुस्तकातून उतरल्यासारखे. "आपण जरा इमारतीला एक फेरी मारून यावे." मग आपण गुमान उठायचं आणि त्या लांबलचक इमारतीला उन्हातून वळसा घालून यायचं. तेवढ्या वेळात डोकं चालतं, असं त्यांचं मत. माझं डोकं चालायचं नाही, पाय मात्र चालले. पहिल्या वर्षी माझ्या इतक्या फेऱ्या झाल्या की गेटवरच्या वॉचमननं मला विचारलं, पोलीस भरतीची तयारी करतोस काय रे?

दुसरी खोड म्हणजे त्यांचा प्रश्न. माणूस गाडी घेऊन यायचा आणि सांगायला लागायचा, तापती, धूर टाकती, चढाला दम खाती. सर ते सगळं ऐकून घ्यायचे, आणि शेवटी विचारायचे, "बरं, कुठं तापत न्हाई?" माणूस गडबडायचा. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला तक्रार कुठं नाही ते कुणी विचारतं का? पण सरांचं म्हणणं, बिघाड कुठं नाही हे कळलं की तो कुठं आहे ते आपोआप उघडं पडतं. हे त्यांचं घरीसुद्धा चालायचं. बाईंचे, म्हणजे सरांच्या मंडळींचे, गुडघे दुखायचे. सरांनी गंभीरपणे विचारलं, "कवा दुखत न्हाईत?" बाई म्हणाल्या, "तुम्ही घरात नसता तवा." हे बाईंनीच आम्हाला चहा देता देता सांगितलं. सर त्यावर हसले नव्हते म्हणे. विचारात पडले होते.

लग्नकार्यात त्यांना न्यायची बाईंना भीती वाटायची. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सर उठले आणि मांडवामागं गेले. तिथं जनरेटर होता. त्याचा एक सिलिंडर चुकत होता आणि सरांना अक्षता टाकवेनात. जनरेटरवाल्यानं विचारलं, लाईट जातीय का? नाही ना? मग तुम्हाला काय त्रास? सर म्हणाले, "त्रास मला न्हाई, त्याला होतोय." पहिली पंगत उठेपर्यंत सर जनरेटरपाशीच बसलेले. वऱ्हाडातल्या लोकांना वाटलं, जनरेटर ह्यांचाच आहे. दोघातिघांनी पुढच्या तारखेसाठी नंबरही मागितला.

पण मला सर खरे कळले ते त्यांच्या घरी. दौंडला रेल्वेच्या क्वार्टरांपासून जरा अलीकडं त्यांचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत लोक फोटो लावतात, बक्षिसं ठेवतात. सरांच्या भिंतीला एक फळी होती आणि फळीवर गाड्यांचे पार्ट. पंप, सेन्सर, एक स्टार्टर, असलं काहीबाही. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. मला वाटलं, खराब पार्ट शिकवायला ठेवलेत. तसं म्हटलं, तर सर म्हणाले, "ह्यात खराब एकबी न्हाई. सगळे चांगले हायत. मी खराब म्हणून काढून फेकायला लावले, आन् नवीन घातल्यावर बी गाडी तशीच. खराब मी होतो." आणि पुढं, अगदी सहज, "सकाळी चपला घालताना नजर जाती. बरं असतंय." आपल्या चुका धुऊनपुसून भिंतीला लावणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता, अजूनही दुसरा बघितलेला नाही.

तर असे सर. त्यांच्याकडं दोन वर्षं शिकून मी पास झालो, पण गॅरेज काही टाकलं नाही. शिक्रापूरला एका कारखान्यात कंत्राटावर लागलो. एका खोलीत सहा जण, शिफ्ट संपली की जागा मिळेल तिथं आडवं व्हायचं. पाच वर्षांत कंटाळलो आणि घरी आलो.

घर म्हणजे शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या पलीकडं. आमच्या भावकीनं मेंढरं कधीच सोडली. कुणी कांदा करतं, कुणी शेवंती. एकटे आमचे आबा, म्हणजे माझे वडील, दरसाल दिवाळी झाली की दोनशे मेंढरं घेऊन कोकणाकडं निघायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. बरोबर आई आणि दोन घोड्या. घोड्यांच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड. भांडी, जाळी, कोंबड्या, आणि वाटेत जन्मलेली कोकरं.

मी आलो आणि शहाणपणा केला. म्हणालो, आबा, आता घोड्या कुठं, पिकअप घेऊ. कोकरं मागं बसतील, आई पुढं बसंल, तिचे पाय वाचतील. आबांना पटत नव्हतं, पण आईकडं बघून हो म्हणाले. घोड्या गेल्या, जुनी पिकअप आली. घोड्या नेणारा माणूस त्या घेऊन निघाला तेव्हा आबा रानात निघून गेले होते. मला ते लागलं होतं. पण पहिलं वर्ष पिकअपनं झकास काढलं, त्यामुळं माझी मान ताठ होती.

दुसऱ्या वर्षी ती मान खाली गेली. निघाल्या दिवसापासून गाडी तापायला लागली. मेंढरांमागून पहिल्या गियरमध्ये मुंगीच्या पावलानं चालायचं, आणि तासाभरात काटा वर. थांबायचं, गार करायचं, पुन्हा चालायचं. तोवर मेंढरं पुढं जायची, मागं राहिलेली कोकरं ओरडायची, त्यांच्या आया उलट्या पळत यायच्या आणि कळप फुटायचा. पाटसपर्यंत चार दिवस लागायचे, तिथं आठ लागले. आधी मला वाटलं, आई पुढच्या जाळीवर गोधडी वाळत टाकते, हवा अडत असंल. गोधडी काढली. त्यावरून आईचं बोलणं खाल्लं. गाडी तापायची थांबली नाही.

वाटेत तीन मेकॅनिक झाले. एकानं थर्मोस्टॅट काढून हातात दिला, ह्याची गरजच नाही म्हणाला. दुसऱ्यानं जोरात पाणी मारून रेडिएटर धुतला. तिसऱ्यानं पाण्याचा पंप बदलला. प्रत्येक जण काम झालं की गाडी हायवेला काढायचा, सत्तरनं पळवायचा, काटा मधोमध. "काय न्हाई हिला, एक नंबर झाली." आणि मेंढरांमागं लागली की पुन्हा तेच. मी स्वतः मोटार मेकॅनिक पास. तिघांच्याही शेजारी उभा राहून मान हलवत होतो, ह्याची लाज आता वाटते.

पाटसच्या अलीकडं एका रानात मेंढरं बसवली होती, शेताला खत होतं म्हणून. तिथं आबांनी मला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं. "घाटात हिनं असं केलं तर कोकरं हातात घेऊन उभं ऱ्हायचं का? घोड्या न्हाईत आता. शुक्रवारी व्यापारी येतोय. त्याला सगळी मेंढरं दिऊन टाकू." तो सोमवार होता. आबा रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी जन्मभर केलेली एकच गोष्ट माझ्या एका गाडीपायी बंद पडणार होती, आणि ते मला धीर देत होते. "तुझी चूक न्हाई रं. कवातरी व्हायचंच हुतं."

मंगळवारी पाटसमध्ये चौथा मेकॅनिक गाठला. तो म्हणाला, फॅन डायरेक्ट करून टाकू. दोन बोल्ट मारतो, पंखा कायमचा इंजिनाला जोडून देतो, अर्ध्या तासाचं काम, परत म्हणून तापणार नाही. मी हो म्हणणारच होतो. पण डायरेक्ट हा शब्द ऐकला आणि सर आठवले. डायरेक्ट करणं ही त्यांच्या लेखी मोठी पापाची गोष्ट. त्यांना सहा वर्षांत एक फोन केला नव्हता. ओशाळं होऊन लावला.

"कोण? फेऱ्यावाला का?"

"व्हय सर." मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं.

"कुठं तापत न्हाई?"

"हायवेला न्हाई सर. पळवली की काटा मधी."

"आन् मेंढरामागं तापती. स्पीड किती?"

"स्पीड कसला सर, मेंढरू चालंल तेवढा."

"मंग त्या तिघांनी टेस्ट घेतलीच न्हाई. मेंढरांच्या चालीनं घ्याय पायजे. मी येतो. मेंढरं जाऊ देऊ नका."

बुधवारी सकाळच्या डेमू लोकलनं सर पाटस स्टेशनात उतरले. आता रिटायर झालेले, केस पिकलेले, शर्ट तसाच. रानात आल्यावर पहिल्यांदा आईकडं पाणी मागितलं. आईनं प्यायला तांब्या दिला, तर त्या पाण्यानं त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, साबण असंल का? मग मलाही धुवायला लावले. आई पदर तोंडाला लावून हसत होती.

मी घाई केली. "सर, डायरेक्ट करून टाकू का? शुक्रवारी व्यापारी येतोय."

"आपण अवश्य करावे," सर म्हणाले. "मग मला कशाला बोलावले?" मी समजलो.

आबा काठीला टेकून सगळं बघत होते. त्यांनी विचारलं, "मास्तर, डायरेक्ट म्हंजी काय?"

सरांना असला प्रश्न आवडायचा. बॉनेट उघडून आबांना त्यांनी समोर घेतलं. "हे बघा आबा, ह्यो पंखा इंजिनाला घट्ट बांधल्याला नसतोय. मधी ही गोल डबी हाय, हिला फॅन क्लच म्हणायचं. डबीत घट्ट तेल असतंय. पुढं ही गुंडाळल्याली पट्टी दिसती का, ती स्प्रिंग. रेडिएटरची गरम हवा स्प्रिंगला लागली की स्प्रिंग उलगडती आन् तेलाला वाट देती. मंग पंखा इंजिनाला धरतो आन् जोरात फिरतो, इमान उडाल्यासारखा आवाज येतोय. गार झालं की सोडून देतो. गाडी जोरात पळती तवा वारा आपोआप मिळतो, पंख्याची गरज न्हाई. हळू चालली की समदी मदार पंख्यावर. डायरेक्ट म्हंजी त्याला सोडायचंच न्हाई. चोवीस तास बोंबलत ऱ्हायाचा."

आबांनी मान हलवली. "मंग ते आमाला चालायचं न्हाई."

"का?" मी आणि सर एकदमच म्हणालो.

"गाडीपुढं मेंढ्या गुमान कशापायी चालत्यात? मागं गाडीत त्यांची कोकरं वरडत्यात म्हणून. कोकराचा आवाज ऐकून आई चालती. ह्यो पंखा सारखा बोंबलाय लागला तर तिला कोकरू कुठनं ऐकू येणार? समदा कळप फाकंल."

सर आबांकडं बघतच राहिले. मग मला म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकात हाय? तुला ठावं हुतं का?" मला ठाऊक नव्हतं. मी त्या गाडीत बसून दोन वर्षं मेंढरं वळत होतो आणि मला एवढं ठाऊक नव्हतं.

सरांनी गार इंजिनावर पंखा हातानं फिरवून बघितला. सैल होता. "गार हाय तवर जरा सैल असणारच. ह्याच्यावर त्याला फाशी देता येत न्हाई. चला."

मेंढरं उठवली आणि सुप्याच्या दिशेनं कच्च्या रस्त्यानं निघालो. पुढं आबा, मागं दोनशे मेंढरं, त्यामागं पहिल्या गियरमध्ये मी, आणि गाडीच्या डाव्या अंगाला बॉनेटकडं कान करून चालणारे सर. नोव्हेंबरचं ऊन, मेंढरांची धूळ. शर्टाचा रंग ओळखू येईना. मधेच उसाच्या ट्रॉल्या समोरून यायच्या, ड्रायव्हर मान वळवून वळवून बघायचे. एकानं विचारलंच, म्हाताऱ्याला गाडीत जागा न्हाई व्हय? मी काय सांगणार, म्हातारा टेस्ट घेतोय म्हणून?

पाऊण तासात काटा चढायला लागला. मी ओरडून सांगितलं. सर कान तसाच धरून चालत होते. काटा लालच्या जवळ आला. पंख्याचा आवाज आहे तसाच, मवाळ.

"बंद कर," सर म्हणाले. मी चावी फिरवली आणि बॉनेट उघडलं. इंजिन थांबलं होतं, पण पंखा आपला मजेत फिरत होता. सरांनी त्याचे फेरे मोजले. "एवढं तापल्यावर त्यानं इंजिनाला धराय पायजे हुतं. धरलं असतं तर इंजिनाबरोबर तो बी थांबला असता. त्यानं धरलंच न्हाई."

गार होईपर्यंत बाभळीखाली बसलो. मग सरांनी पुन्हा हात धुतले, गाडीचा रुमाल काढला आणि आत हात घालून डबी पुसली. रुमालावर काळपट चिकट डाग आला. उन्हात नेऊन बघितला. सरांचा चेहरा उतरला.

"तेल बाहेर आलंय," म्हणाले. "आतलं तेल गेलं तर धरणार कशानं? फॅन क्लच गेला."

मी तिथूनच पुण्याला एका दुकानात फोन लावला. गाडी जुनी, मॉडेल बंद झालेलं. पार्ट मिळेल, पण मागवावा लागेल. आठवडा तरी लागेल. बुधवार होता आणि शुक्रवार परवावर आलेला. मी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "असू दे." आणि मेंढरांकडं बघत उभे राहिले. एक-एक करून बघत होते, मोजल्यासारखं. मला तिथं रडू आलं. मी गाडीच्या पलीकडल्या बाजूला जाऊन उभा राहिलो, कारण सरांसमोर रडायची चोरी.

सर मात्र रुमाल घडी करून खिशात घालेनात. डाग अंगठ्यानं चोळत होते. वास घ्यायचे, पुन्हा चोळायचे. त्यांच्या घरची फळी माझ्या डोळ्यांपुढं आली.

"हे त्या तेलासारखं लागत न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले. "ते बेवास असतंय. ह्याला वास हाय. वळखीचा न्हाई." आणि मला एकदम, "तू हात धुतले हुतेस का?"

"धुतले सर. आन् मी डबीला हात लावला न्हाई."

आबा जवळ आले होते. त्यांनी रुमाल सरांच्या हातातून घेतला. दोन बोटांत डाग धरला, नाकाला लावला, आणि सत्तरीतला माणूस चक्क हसला.

"मास्तर, ह्ये इंजिनाचं तेल न्हाई. ह्यो लोकरीचा चिकटा हाय. कातरणी करताना हाताला लागतो त्योच."

सरांनी पुन्हा वास घेतला. मग बॉनेटखाली डोकं घातलं, मोबाईलची बॅटरी लावली आणि रेडिएटर आणि पंख्याच्या मधल्या फटीतून डबीच्या पुढच्या बाजूला बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"आबा," ते आतूनच म्हणाले, "तुमी ह्ये बघा. स्प्रिंग दिसतच न्हाई. वर कायतरी राखाडी, जाड बसलंय."

आबांनी डोकावलं. "घोंगडं हाय."

खरंच घोंगडं होतं. लोकर, चिकटा आणि धूळ एकमेकांत मुरून स्प्रिंगवर चांगला बोटभर थर जमला होता. घोंगडं पांघरून बसलेल्या स्प्रिंगला बाहेरची गरम हवा लागणार कशी? ती आपली सुखानं झोपून होती. फॅन क्लचमध्ये काडीचा दोष नव्हता.

सर ताठ उभे राहिले आणि माझ्याकडं वळले. "निघण्याआधी मेंढ्यांची कातरणी झाली असेल. त्या दिवशी गाडी कुठे उभी होती?"

भाषा शुद्ध झालेली. मला लख्ख आठवलं. कातरणीला दहा-बारा माणसं आलेली. त्यांना गाणी ऐकायची होती. मी पिकअप अगदी लोकरीच्या ढिगाजवळ आणून लावली, आवाज मोठा केला, आणि बॅटरी उतरू नये म्हणून दिवसभर इंजिन चालू ठेवलं. वारं सुटलं होतं, लोकर उडत होती, आणि माझा पंखा ती दिवसभर आत ओढत होता. पुढं त्या दुसऱ्यानं रेडिएटर धुतला तेव्हा वरवरची निघून गेली, राहिलेली पाण्याच्या जोरानं आणखी आत जाऊन बसली. गाडी मी बिघडवली होती. गाणी ऐकायला.

हे सगळं मी सांगितलं. सर म्हणाले, "आपण थोर आहात." आबांचे खांदे हसण्यानं हलत होते. आई मात्र मोठ्यानं म्हणाली, "आन् माज्या गोधडीला नावं ठिवत हुतास."

थर निघेना. सरांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला, पण आबांनी तो बाजूला सारला. "मोडंल त्यानं." गाठोड्यातून त्यांनी घोंगडं शिवायचं दाभण काढलं. मग सरांनी मला सांगून पंख्याच्या पुढची जाळी सोडवली, डबी बाहेर काढून आबांच्या मांडीवर दिली. आबा बाभळीखाली मांडी घालून बसले आणि स्प्रिंगच्या एकेका वेढ्यातून लोकर उसवायला लागले, पायातला काटा काढतात तसं, न दुखवता. सर शेजारी बसून बघत होते. मधेच सांगायचे, "आबा, ती पट्टी वाकवू नका." आबा म्हणायचे, "न्हाई वाकवत." दोघांचं इतकं जमलं होतं की मला तिथं काही कामच नव्हतं. मी साबणाचं कोमट पाणी आणून दिलं. स्प्रिंग धुतली, वाळवली. पितळेसारखी चमकायला लागली.

"मी गेला म्हणून सांगितलं हुतं," सर अचानक म्हणाले. "तुमी नाक लावलं नसतं तर चांगला पार्ट फेकला असता आन् तुमची मेंढरं गेली असती. माझी चूक झाली आबा."

आबांना अशा बोलण्याची सवय नव्हती. ते म्हणाले, "तुमी रुमाल पांढरा घितला म्हणून दिसलं. काळ्या फडक्यावर काय दिसणार हुतं?" सर हसले. त्यांचं असं हसणं मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं.

दुपार कलायला लागल्यावर पुन्हा निघालो. तीच चाल, तोच पहिला गियर. ह्या वेळी आबा पुढं गेले नाहीत. काठी आईच्या हातात देऊन ते गाडीच्या उजव्या अंगाला आले. एका बाजूला सर, एका बाजूला आबा, दोघंही बॉनेटकडं कान करून. काटा चढला, मधल्या खुणेच्या वर गेला. आणखी जरासा. मी देवाचं नाव घ्यायला लागलो. आणि पुढून घोंघावत आवाज उठला. मोठा, भरदार. समोरच्या मेंढ्या थबकल्या, कान वर केले. काटा थांबला, आणि हळूहळू खाली उतरला. मिनिटभरात आवाज आपोआप मावळला, मागून कोकरं ओरडली, आणि मेंढ्या पुन्हा चालायला लागल्या.

आबांनी तिथंच खिशातून मोबाईल काढला आणि माझ्याकडं दिला, व्यापाऱ्याला लावून दे म्हणाले. लावून दिला.

"शुक्रवारी येऊ नका," आबा म्हणाले. पलीकडून तो काहीतरी बोलला. आबा म्हणाले, "न्हाई, दुसऱ्या कुणाला न्हाई दिली. माज्याकडंच हायत. आमी निगालो कोकणात."

सर त्या दिवशी परत गेले नाहीत. एका टेस्टवर माझा इश्वास न्हाई, म्हणाले. बाईंना फोन करून सांगितलं, तर बाई म्हणाल्या, खुशाल ऱ्हावा, माझे गुडघे बरे हायत. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं त्यांना आबांचा एक सदरा दिला, तो घालून ते निघाले. पुढं आबा आणि सर, दोघंही सारखेच दिसत होते, काहीतरी बोलत चाललेले. मधी मेंढरं, मागं मी.

सुप्याच्या अलीकडं चढ लागला. ऊन वर आलं होतं. काटा चढला आणि पंखा घोंघावला. मी पुढं बघितलं. दोघांपैकी एकानंही मागं वळून बघितलं नाही. त्यांचं बोलणं चालूच होतं. मला एवढा आनंद झाला की हॉर्न वाजवावासा वाटला, पण मेंढरं बिचकली असती.